अंगठ्याचा घनपाठ

शरदिनीने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात मराठीच्या एम. ए.ला नाव घातलं, तेव्हा गंगाकाठच्या दूधविनायकाच्या गल्लीत कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ही बाई जिऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी अवनी बारावीत होती. नवरा सुमंत रेल्वेत होता. सासरे वासुदेवशास्त्री, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, सकाळ-संध्याकाळ रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवायला जात. दुपार मोकळी मिळायची. जेवणं आटोपली की शरदिनी मैदागिनहून टेंपोत बसायची आणि थेट विद्यापीठाच्या दाराशी उतरायची.

वर्गात पाच जण होते. शहाण्णव सालच्या त्या थंडीत सुनीती मॅडम त्यांना उपहास शिकवत होत्या. विडंबन कशाला म्हणायचं, उपरोध कशाला, हे सगळं फळ्यावर लिहून झाल्यावर एके दिवशी त्या खडू ठेवून टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"उपहास करणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी करून घ्यायचं असतं," त्या म्हणाल्या. "हसवणं हे त्याचं निमित्त. हसता हसता समोरच्याचं मन वळावं, ही त्याची खरी इच्छा. आता ते वळतं का, हे पुस्तकात वाचून कळणार नाही. तेव्हा तुम्ही एकेक उपहास लिहून आणा."

"मी मंत्र्यांवर लिहितो," उल्हास नावाचा मुलगा लगेच म्हणाला.

"मंत्री तुमचं वाचणार आहेत का?"

"नाही."

"मग मन कुणाचं वळवणार? घरातला, गल्लीतला माणूस घ्या. त्याची एकच गोष्ट घ्या, जी बदलावी असं तुम्हाला मनापासून वाटतं. लिहा, आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवा. पुढे काय झालं ते कागदाच्या खाली दोन ओळींत लिहा. आणि एक लक्षात ठेवा. ज्याच्यावर लिहाल त्याला बाहेर पडायला एक दार उघडं ठेवा. कोंडलेला माणूस ऐकत नसतो."

शरदिनीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. परतीच्या टेंपोत, दोन बायकांच्या मध्ये दाटीवाटीने बसल्या बसल्या तिने माणूस ठरवूनही टाकला. अण्णा.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पिकला आहे, थंडीत काढून टाका, असं डॉक्टरांनी सांगितल्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या थंडीत एकदा ते स्वतःहून 'हो' म्हणाले, आणि मग काय झालं कोण जाणे, तो विषयच त्यांनी बंद केला. कधी पाठशाळेत परीक्षा असत, कधी अधिक महिना आडवा येई, आणि काहीच नसलं की "मला दिसतंय की सगळं" असं म्हणून ते उठून जात. पाठशाळेत अडत नव्हतं. अण्णा घनपाठी होते, वेदातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणणारे, संहिता मुखोद्गत, पुस्तकाची गरजच नव्हती. घरापासून रामघाटापर्यंत पावलं किती, पायरी कुठे, गटारावरची हलती फरशी कुठे, हेही त्यांनी ऋचांसारखं पाठ केलं होतं. पण गल्ली काही ऋचेसारखी एका जागी राहत नाही. गेल्या महिन्यात कुणीतरी दारासमोर वाळू टाकली आणि अण्णा तिच्यावर पडले. कोपर सोलवटलं. तेव्हापासून अवनी कॉलेजला जाण्याआधी त्यांना पोचवून यायची आणि संध्याकाळी सुमंत आणायला जायचा. आणि तरीही अण्णांना सगळं दिसतच होतं.

लिहायला बसल्यावर शरदिनीला फार विचार करावा लागला नाही. मजकूर हाताशीच होता. तिने मानपत्राचा थाट घेतला, सत्कारसमारंभात शाल पांघरून झाल्यावर वाचतात तसा. दोन दुपारी तिने त्यावर घालवल्या, आणि रविवारी, जेवणं झाल्यावर, अण्णा सुपारी कातरत बसलेले असताना ती कागद घेऊन आली.

"अण्णा, कॉलेजात लिहायला सांगितलंय. तुमच्यावर लिहिलंय. वाचू का?"

"माझ्यावर?" अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "वाच की."

सुमंत आणि अवनीही येऊन बसले. शरदिनीने घसा साफ केला.

"परमपूज्य अण्णा, पाहणे हे सामान्य माणसांचे काम आहे हे ओळखून आपण ते केव्हाच सोडून दिलेत. गेल्या मंगळवारी छतावर वाळत घातलेल्या शेजारच्या पद्माकाकूंच्या लुगड्याला आपण 'काकू, पाय कसा आहे आता?' असे विचारलेत. इतक्या आस्थेने आजवर कोणत्याही लुगड्याची चौकशी झाली नव्हती. गल्लीत वाट अडवून बसलेल्या वळूला आपण 'शास्त्रीबुवा, जरा सरता का' म्हणालात. वळूने आपली विद्वत्ता प्रथमच मान्य झालेली पाहून वाट दिली."

अवनी तोंडावर ओढणी धरून हसत होती. सुमंतही हसला. अण्णाही हसले. वळूच्या वाक्याला तर त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "याला आमच्यात व्याजस्तुती म्हणतात. वरून स्तुती, आतून चिमटा. पुढे?"

शरदिनीला हुरूप आला. पुढचं वाक्य तिला स्वतःला सगळ्यांत आवडलं होतं.

"भर पुरातही ज्यांनी कधी गंगास्नान चुकवले नाही, असे हे धैर्यवान पुरुष डॉक्टरांच्या हातातली एवढीशी सुई पाहून, नव्हे, न पाहताच, दवाखान्याच्या दारातून पळाले."

सुमंत मोठ्याने हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांचा हात मांडीवर होता तो तिथेच राहिला. शरदिनीने उरलेलं वाचून संपवलं तोवर त्यांनी मान खाली घातली होती.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "भाषा शुद्ध आहे."

मग ते उठले. दाराच्या चौकटीसाठी त्यांनी हात पुढे केला, तो वीतभर बाजूला भिंतीला लागला. चौकट चाचपून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा पाठशाळेत गेले नाहीत. बरं नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशीही नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. ते खिडकीशी आसनावर बसून असत. हळूहळू शरदिनीच्या लक्षात आलं की ते आपणहून कुणाशी बोलतच नाहीत. आधी कुणी आलं की पावलांच्या आवाजावरून अंदाज बांधून ते काहीतरी विचारायचे, कधी चुकायचे, कधी बरोबर यायचे. आता समोरचा बोलेपर्यंत ते गप्प राहत. पाण्याचा तांब्याही मागत नव्हते, स्वतःच चाचपडत उठून घेत. पद्माकाकू छतावरून डोकावून म्हणाल्या, "अगं, अण्णा रागावलेत का माझ्यावर? परवा खिडकीशी दिसले, बोलले नाहीत. मीही मग बोलले नाही."

शरदिनीला जेवण गोड लागेना. अवनी चिडली होती. "आई, तू भी ना," ती म्हणाली, "तो सुईवाला हिस्सा लिहायची गरजच नव्हती." सुमंत म्हणाला, "होईल ठीक. अण्णांचं असंच असतं." पण तोही संध्याकाळी घरी आला की आधी खिडकीकडे बघायचा.

पाचव्या दिवशी ती विद्यापीठात गेली. कागदाच्या खाली तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मन वळले नाही. बोलणे बंद झाले.' मॅडमनी मानपत्र वाचलं. वाचताना त्या दोनदा हसल्या, आणि मग त्या खालच्या ओळींवर थांबल्या.

"लिहिलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "ते डॉक्टरकडे का जात नाहीत?"

"भितात."

"त्यांनी सांगितलं?"

शरदिनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"तुम्ही विचारलं होतंत का कधी?"

तिने आठवून पाहिलं. तीन वर्षांत तिने अण्णांना किती वेळा सांगितलं होतं याचा हिशेब नव्हता. सुमंतने सांगितलं, अवनीने हट्ट केला, पद्माकाकूंनी आपल्या भावाच्या डोळ्याची गोष्ट दहा वेळा सांगितली. सगळ्यांनी सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

मॅडमनी कागद परत दिला. "हा अजून माझ्याकडे देऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. शरदिनीने मटाराची टोपली छतावर नेली आणि अण्णांना हाताला धरून वर आणलं. मटार सोलायला डोळे लागत नाहीत. अण्णांची बोटं शेंगेच्या शिवणीवर बरोबर बसायची, आणि दाणे परातीत पडल्याचा आवाज त्यांना आवडायचा, हे तिला माहीत होतं. बराच वेळ दोघंही नुसते सोलत राहिले. शेजारच्या छतावर माकडांचं एक कुटुंब ऊन खात बसलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "मी चुकले. पळाले असं लिहायला नको होतं मी."

अण्णांनी हातातली शेंग रिकामी केली. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"मी पळालो ते."

शरदिनीचा हात थांबला. "कुणी नाही हो. मी आपलं मनाने लिहिलं. खरंच कधी गेला होतात तुम्ही?"

अण्णांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. त्या धूसर बुबुळांना काय दिसत होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग मोठं ओझं उतरल्यासारखी सैलावली ती मुद्रा.

"मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना कळलंय," ते म्हणाले. "कळलंय आणि हसताय."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, मधे एखादी शेंग सोलत. पहिल्या वर्षी, पौषात, दुर्गाघाटावर यजमानाकडे जातो असं घरी सांगून ते एकटेच एका धर्मादाय नेत्रालयात गेले होते. कुणाला त्रास नको, करूनच घरी कळवू, असा विचार. दोन तास रांगेत उभे राहिले. खिडकीशी पोचले तेव्हा आतल्या माणसाने नाव लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. सही करा म्हणाला. अण्णांना कागद दिसत होता, म्हणजे एक पांढरा तुकडा दिसत होता, पण त्यावर ओळ कुठे आहे ते दिसेना. त्यांनी विचारलं, कहाँ करूँ? मागे रांग लांब होती. त्या माणसाने वर पाहिलंही नाही.

"काय म्हणाला?" शरदिनीने विचारलं.

"अंगूठा लगा दो बाबा, म्हणाला. आणि माझा हात धरून अंगठा शाईत दाबला."

शरदिनीने त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"कागदावर टेकायच्या आत मी हात ओढून घेतला. आणि निघालो. पळालोच म्हण ना. रांगेतली माणसं म्हणत होती, क्या हुआ बाबा, डर गए? घाटावर येऊन हात धुतला. वाळूने घासला. गेली नाही शाई."

तिला एकदम आठवलं. त्या थंडीत अण्णांच्या अंगठ्याला जांभळा डाग होता. पेन गळलं म्हणाले होते. तिनेच अर्धं लिंबू कापून दिलं होतं, चोळा म्हणून, आणि ते मोरीपाशी बसून कितीतरी वेळ चोळत राहिले होते.

"आठव्या वर्षी माझी मुंज झाली," अण्णा म्हणाले, "तेव्हापासून वेद म्हणतोय मी. साठ वर्षं झाली. त्याला काय ठाऊक. त्याचा दोष नाही. पण माझा पाय पुन्हा तिकडे वळेना."

ऊन परातीवर आलं होतं. शरदिनीला रडू येत होतं, आणि रडले तर ते ऐकू जाईल म्हणून ती खाली बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. जे तोंडात आलं ते ती बोलली.

"तिथेच उभं राहून त्याला घन म्हणून दाखवायला हवा होतात अण्णा. कळलं असतं त्याला अंगठा कुणाचा धरलाय ते."

अण्णांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी पाठ ताठ केली, उजवा हात गुडघ्यावर ठेवला, आणि पाठशाळेत शब्दांच्या पुढे-मागे फेऱ्या घालत म्हणतात त्याच भारदस्त स्वरात सुरू केलं.

"अंगूठा लगा, लगा अंगूठा, अंगूठा लगा दो, दो लगा अंगूठा, अंगूठा लगा दो."

शरदिनी बघतच राहिली.

"लगा दो, दो लगा, लगा दो बाबा, बाबा दो लगा, लगा दो बाबा."

स्वर जिथे खाली जायला हवा तिथे खाली जात होता, वर जायला हवा तिथे वर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिला हसू आवरेना. परातीतले मटार हलायला लागले एवढी ती हसली, आणि मग अण्णाही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माकडं उठून दुसऱ्या छतावर गेली.

"काय झालं गं?" पलीकडून पद्माकाकूंनी विचारलं.

"काही नाही काकू," अण्णांनीच उत्तर दिलं. "पाय कसा आहे आता?"

हसणं ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "देव क्षमा करील. मंत्र नाही तो, नुसता क्रम आहे." आणि थोड्या वेळाने, "कागद आण. तुझ्या मॅडमना मानपत्र नको देऊस. मी सांगतो ते लिही. पूजेच्या पोथीत असतो तसा विधी लिहू."

ते सांगत गेले आणि शरदिनी लिहीत गेली.

"अथ अंगुष्ठविधी. यजमानाने पहाटे उठून घरात खोटे बोलून निघावे. रांगेत उभे राहावे, तेच तप. खिडकीशी आल्यावर आपली विद्या चपलांपाशी काढून ठेवावी. पुरोहिताने वर न पाहता नाव विचारावे. वर पाहिल्यास विधी भंगतो. मग यजमानाचा अंगठा धरून शाईत बुडवावा. शाई जांभळी घ्यावी. ती दोन दिवस जात नाही, हेच या विधीचे फळ. घरी येऊन पेन गळाले असे सांगावे. पुढे तीन वर्षे लुगड्यांशी बोलत राहावे, सुनेला, मुलाला, नातीला आपल्यामागे धावायला लावावे, पण कारण कुणाला सांगू नये. सांगितल्यास डोळे बरे होण्याचा दोष लागतो."

शेवटचं वाक्य सांगून अण्णा थांबले. शरदिनीनेही लेखणी थांबवली. तिला आपल्या मानपत्रापेक्षा हे किती चांगलं आहे ते कळत होतं, आणि ते कळल्याचा तिला आनंदच होत होता.

"तुझ्या मॅडमची अट काय आहे म्हणालीस?" अण्णांनी विचारलं. "ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं?"

"हो."

"मग जायला हवं तिथे."

पुढच्या सोमवारी दोघं गेली. सुमंत रजा काढतो म्हणत होता, पण अण्णा म्हणाले, शरदिनी पुरे. रांग तशीच होती. दीड तासाने खिडकी आली. आतला माणूस तोच होता की दुसरा, हे अण्णांना आधी कळलं नाही. तो बोलला तेव्हा कळलं. त्यांनी शरदिनीच्या मनगटावर बोटं टेकवली. तोच.

पन्नाशीचा, गळ्यात मफलर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने नाव लिहिलं, कागद सरकवला आणि खाली बघतच म्हणाला, "अंगूठा."

शरदिनीच्या पिशवीत विधीचा कागद होता. तिचा हात तिकडे गेला. पण अण्णा आधी बोलले.

"दस्तखत करूँगा, भैया. दिखता नहीं है, इसीलिए तो आया हूँ. जहाँ करना है वहाँ अपनी उँगली रख दीजिए."

त्या माणसाने मान वर केली. एक क्षण त्याने अण्णांकडे पाहिलं, आणि कागदावर आपली तर्जनी ठेवली. अण्णांनी डाव्या हाताने ती चाचपली, आणि तिच्या कडेकडेने सही केली. वासुदेव हे नाव थोडं वर चढत गेलं, पण अक्षरं जुन्या वळणाची, गोल आणि सुटी होती. माणूस सही वाचत राहिला.

"अक्षर तो बहुत सुन्दर है, पंडितजी," तो म्हणाला. मग पुढच्याला हाक मारली.

बाहेरच्या बाकावर डोळ्यांत थेंब घालून वाट बघत बसले असताना शरदिनीने विचारलं, "वाचलं का नाही?"

"मागे माणसं उभी होती," अण्णा म्हणाले. "आणि त्याचा आवाज ऐकलास का? पार बसलाय. दिवसभर ओरडत असणार. कागद काढ, एक कलम राहिलंय."

तिने काढला. डोळे मिटल्या मिटल्या अण्णांनी सांगितलं, "या विधीच्या पुरोहिताची काळजी घ्यावी. तो दिवसाला तीनशे अंगठे बुडवतो, आणि त्याला नमस्कार कुणी करीत नाही. मान खाली घालून घालून त्याची मान धरते. त्याने अधूनमधून वर पाहावे. त्याला बरे वाटेल."

शरदिनीने ते लिहून घेतलं. मॅडम ज्याला दार म्हणत होत्या ते हे असावं, असं तिला वाटलं. वर्गात नुसती वहीत उतरवली होती ती गोष्ट.

माघात अण्णांचा उजवा डोळा झाला. दोन रात्री सुमंत त्यांच्याजवळ राहिला. हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा आला, आणि अण्णांना पुढचे काही दिवस वाकायला, डोक्यावरून पाणी घ्यायला, मोठ्याने म्हणायला मनाई झाली. यांतली शेवटची मनाई त्यांना फार जड गेली. पट्टी सुटल्यावर त्यांनी घरातल्या एकेकाला जवळ बोलावून पाहिलं. अवनीला म्हणाले, "एवढी उंच कधी झालीस?" सुमंतला म्हणाले, "पोट सुटलंय." शरदिनीकडे मात्र ते बराच वेळ बघत राहिले.

"केस पिकले की गं तुझे," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

"काय सांगायचं त्यात?"

"सांगायचं," अण्णा म्हणाले. त्यांनी हात पुढे करून तिच्या कानावरची पांढरी बट मागे सारली, लहान मुलीची सारतात तशी. एकोणीस वर्षांत त्यांनी तिच्या डोक्याला हात लावला होता तो फक्त आशीर्वादापुरता.

फाल्गुनात चष्मा घ्यायला दोघं पुन्हा नेत्रालयात गेली. दुपार टळत आली होती, रांग संपली होती. खिडकीतला माणूस डबा उघडून बसला होता. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की तुमच्यावर काही लिहिलंय, ऐकणार का. त्याला काही कळलं नाही, पण त्याने स्टूल पुढे केलं. अण्णांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि शरदिनीच्या अक्षरातला कागद हिंदी करत करत वाचायला सुरुवात केली.

रांगेच्या तपापर्यंत तो हसत होता. विद्या चपलांपाशी काढून ठेवावी, इथे त्याचा घास हातात राहिला. जांभळ्या शाईपर्यंत येता येता त्याने चष्मा काढला होता.

"वो मैं था?" त्याने विचारलं.

"आगे सुनिए," अण्णा म्हणाले, आणि शेवटचं कलम वाचलं.

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग मान चोळत म्हणाला, "सच में अकड़ जाती है, पंडितजी. रात को तकिया नहीं लगा पाता." त्याने तो कागद मागून घेतला. मराठी मला येत नाही, पण राहू दे, म्हणाला. शरदिनीने घरी नक्कल ठेवलेलीच होती. निघताना दोघं दारापर्यंत पोचली, तेवढ्यात उशिरा आलेली एक खेडवळ म्हातारी खिडकीशी गेली, आणि मागून आवाज आला, "माई, दस्तखत करेंगी कि अंगूठा?" म्हातारी म्हणाली, अंगूठा, भैया, अंगूठा. पुढे तो रोज असं विचारत राहिला की नाही, हे शरदिनीला ठाऊक नाही. त्या दिवशी विचारलं, एवढं तिने ऐकलं.

सुनीती मॅडमना तिने आदल्याच आठवड्यात दोन्ही मजकूर देऊन टाकले होते, मानपत्रही आणि अंगुष्ठविधीही, कुठला कुणाचा ते वर लिहून. मॅडमनी विधी वर्गात वाचला आणि उल्हासने तो उतरवून मागितला.

नेत्रालयातून परतताना अण्णा म्हणाले, टेंपो नको, अस्सीवरून नावेने जाऊ. ऊन उतरलं होतं, पाणी संथ होतं. मल्लाह तरुण होता, घाईत होता, त्याला दिवेलागणीच्या आत आणखी एक फेरी मारायची होती. अण्णा नावेच्या कडेला बसले आणि घाटांच्या भिंतींकडे बघायला लागले. तिथे रंगवलेली प्रत्येक जाहिरात ते मोठ्याने वाचत होते. दंतमंजन, साड्यांचं दुकान, मूळव्याधीवर खात्रीचा इलाज, कुंभराशीच्या लोकांसाठी ज्योतिषी, हिंदी टायपिंगचे वर्ग. एखादं अक्षर पुसलेलं असलं की ते मान वाकडी करून थांबत, लागलं की पुढे जात. दशाश्वमेधापाशी एवढ्या पाट्या एकदम आल्या की त्यांना कुठली आधी वाचावी ते कळेना.

"काय काय लिहून ठेवतात माणसं," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात एवढं सुख होतं की शरदिनीने पदर तोंडाला लावला. मल्लाहाने वल्ही जोरात ओढली आणि एक भिंत वाचायच्या आत मागे पडली. अण्णा वळून तिच्याकडे बघत राहिले.

"भैया," शरदिनी मल्लाहाला म्हणाली, "जरा धीरे चलिए. हमें कोई जल्दी नहीं है."

त्याने वल्ही वर उचलून धरली. प्रवाह त्यांच्याच बाजूचा होता. नाव आपली आपण, हळूहळू, रामघाटाकडे निघाली.